गोचीड, बेदाणे आणि घरगुती औषधं : सांगली-मिरजेकरांनो, कुत्र्या-मांजरांना काय चालतं?

वैदेही_विश्रामबाग
पावसाळा तोंडावर आलाय आणि आमच्या चिंगीच्या (देशी कुत्री) कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड दिसायला लागलेत. घरात लहान मुलगी आहे, ती दिवसभर चिंगीच्या अंगावर लोळते, त्यामुळे स्प्रे वगैरे मारायला जीव धजत नाही. शिवाय एक बोका आहे, तो चिंगीला चाटून पुसून काढतो. सासूबाई म्हणतात कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ घाल. शेजारच्या काकू म्हणतात करंजतेलात कापूर विरघळवून चोळ. कुणी असं काही केलंय का? 'डॉक्टरकडे जा' एवढंच लिहायला कृपया येऊ नका, ते मलाही कळतं.

आजीचा_बटवा
करंजतेल आणि कापूर, डोळे झाकून करा. आमच्या वाळव्याकडं बैलांना, म्हशींना हेच लावायचे. तंबाखूचं पाणीही लावायचे. कुठलं केमिकल नाही, काही नाही.

मिरजमाऊ
अहो थांबा! बोका कुत्रीला चाटतो असं त्यांनी लिहिलंय. कुत्रीला लावलेलं सगळं बोक्याच्या पोटात जाणार. आणि तंबाखूच्या पाण्यात निकोटिन असतं, ते केमिकल नाही तर काय आहे?

आजीचा_बटवा
निसर्गातलं आहे हो ते. कंपनीच्या बाटलीतलं नाही.

मिरजमाऊ
धोतराही निसर्गातलाच. कण्हेरही. खायला घालता का?

लिंबूटिंबू
धागा पेटणार. चहा घेऊन बसतो.

खुरपका
(पशुवैद्यक आहे, शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील कॉलेजचा. हल्ली जास्त काम गाई-म्हशींचं, पण कुत्री-मांजरंही येतात.)

वैदेहीताई, आधी तुमचं बघू.

कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी : चालेल. कोमट करून अंघोळ घाला, खाज कमी होते. पण त्यानं गोचीड मरतील ही आशा सोडा. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर अंघोळ घाला आणि खरा उपाय वेगळा करा.

करंजतेल आणि कापूर : कुत्रीला नको, बोका असलेल्या घरात तर अजिबात नको. कापूर कातडीतून शोषला जातो, चाटून पोटातही जातो. थरथर, झटके, असं सगळं त्यातून होतं. बैलाचं वजन चारशे-पाचशे किलो, बोका चार किलोचा. बैल आपल्या अंगावरचं तेल चाटून साफही करत बसत नाही. मांजराचा अर्धा दिवस त्यातच जातो.

मांजराची गोष्टच वेगळी आहे. बरीच रसायनं निकामी करून बाहेर टाकायला लिव्हरला जी एन्झाइम लागतात, त्यातली काही मांजरात फार कमी असतात. त्यामुळे माणसाला आणि कुत्र्याला पचणारं मांजराला पचेलच असं नाही. टी ट्री ऑइल, निलगिरीचं तेल, पुदिन्याचं तेल, डिफ्यूझरमधली सुगंधी तेलं, सगळी यात आली. काळं फिनेलही आलं. फरशी ओली असताना बोका तिच्यावरून चालतो, मग पंजे चाटतो. साबणाच्या पाण्यानं पुसा, वाळू द्या, मग त्याला आत सोडा.

आता गोचीड. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडेच असतात. आपल्याकडच्या कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड घरात राहायला सरावलेला आहे. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीवर चढते आणि भेगेत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्र्याला चोळून काही होत नाही. भेगा पुट्टीनं बुजवा, चिंगीची गोधडी उकळत्या पाण्यात टाका, उन्हात वाळवा. हा पूर्ण नैसर्गिक उपाय आहे आणि नेमका हाच कुणी करत नाही.

अंगावरचा गोचीड काढताना चिमट्यानं, कातडीला चिकटून धरायचा आणि सरळ ओढायचा. रॉकेल, उदबत्तीचा चटका, मीठ, यातलं काही नको. नखानं चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका.

गोळी किंवा मानेवर सोडायचे थेंब यांना का घाबरता? चघळायची गोळी पोटातून काम करते, अंगावर काही लागत नाही, म्हणजे मुलीलाही नाही आणि बोक्यालाही नाही. तुमच्या घराला तीच सगळ्यात सोयीची. कुत्र्याला फिट येत असतील तर मात्र आधी सांगा. अशा गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) २०१८ मध्ये त्याच कारणासाठी सावध केलं होतं. थेंबांच्या पाकिटावर 'परमेथ्रिन' (मांजराला विषारी असलेलं कीटकनाशक) असेल तर बोक्याच्या घरात ते आणूच नका. आणि दुकानदार 'जनावराचंच औषध आहे, थोडं पातळ करून लावा' म्हणाला तर हात जोडून बाहेर पडा.

वैदेही_विश्रामबाग
बापरे. काकूंना तेल परत करते. गोधडीचं खरंच सुचलं नव्हतं.

कृष्णाकाठ
डॉक्टर, गोचीड तापाचं पण लिहा. आमच्या गल्लीत दोन कुत्री त्यातच गेली. लोक आठवडाभर हळद-दूध पाजत बसले होते.

खुरपका
लक्षणं अशी : ताप, खाणं सोडतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येतं, काहींची लघवी चहाच्या रंगाची होते. यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी रक्त तपासा. बहुतेक वेळा एर्लिकिया किंवा बबेसिया निघतो (गोचीड चावून रक्तात जाणारे जंतू). प्लेटलेट झपाट्यानं उतरतात. दोन्हींवर औषधं आहेत, वेळेत दिली तर कुत्री उठून उभी राहतात. पपईच्या पानांचा रस, गुळवेल यांच्या नादात दिवस घालवले की मग रक्त चढवायची पाळी येते, आणि कुत्र्याचं रक्त आपल्याकडं कुठं मिळतंय सहजी.

आजीचा_बटवा
म्हणजे हळदसुद्धा वाईट? सांगलीत बसून हळदीला नावं ठेवताय, २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय आपल्या हळदीला!

खुरपका
हळदीला कोण नावं ठेवतंय. जेवणात चिमूटभर हळद कुत्र्याला चालते, वरवरच्या खरचटण्यावर लावलीत तरी चालते. पण आळ्या पडलेल्या जखमेवर हळद दाबून बसवली की वरून कोरडं दिसतं आणि आत आळ्या मांस खात जातात. पावसाळ्यात दर आठवड्याला असं एखादं भटकं कुत्रं येतं. त्यावर लोक डांबर गोळ्यांची पूड भरतात. डांबर गोळी म्हणजे नॅप्थलीन, ते रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. सीताफळाच्या बियांचीही पूड भरतात, ती डोळ्यात गेली की डोळ्याला भयंकर इजा होते. आळ्या चिमट्यानं एकेक काढायच्या, जखम धुवायची, आणि ते डॉक्टरला करू द्यायचं.

शेडवाला_तासगाव
डॉक्टर, येक विचारू का. हिकडं कुणीतरी म्हणत होतं की कुत्र्याला द्राक्षं, बेदाणं चालत न्हाईत. आमच्या बेदाण्याच्या शेडवरची कुत्री वर्षानुवर्षं रॅकखाली पडल्यालं बेदाणं खात्यात. कायबी झालेलं न्हाई. हे काय खूळ हाय?

मिरजमाऊ
खूळ नाही, मी पण वाचलंय.

खुरपका
खूळ नाही भाऊ, आणि हे मी तासगाव-कवठेमहांकाळकडच्या प्रत्येक शेडवर सांगतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात. गंमत अशी की हे सगळ्या कुत्र्यांना होत नाही, आणि कुणाला होईल ते आधी कळत नाही. एक कुत्रं ओंजळभर खाऊन मजेत, दुसरं थोड्याशानं आडवं. आधी उलट्या, मग सुस्ती, एक-दोन दिवसांनी लघवी कमी होते आणि मग आपल्या हातात फार काही राहत नाही.

कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ च्या सुमाराला अमेरिकेतल्या विषबाधा बघणाऱ्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडं बोट दाखवलं. द्राक्षात ते भरपूर असतं, पण जात, पिकण्याची वेळ यांनुसार कमीजास्त होतं. म्हणून कधी काही होत नाही आणि कधी जीव जातो. बेदाण्यात पाणी उडालेलं, म्हणजे तेवढ्याच वजनात माल जास्त. त्याच अभ्यासात चिंचेचंही नाव आलं, कारण चिंचेतही टार्टारिक आम्ल असतं. चिंच घातलेल्या आमटीचे दोन घोट पोटात गेले म्हणून घाबरू नका, पण कुत्र्याला चिंचेचा गोळा चघळायला देऊ नका.

तुमच्या शेडवरची कुत्री वाचली असतील. जी नाही वाचली त्यांना 'म्हातारं झालं होतं' किंवा 'कुणीतरी विष घातलं' म्हणून सोडून दिलं असणार.

शेडवाला_तासगाव
हे मातर खरं. दोन साल मागं येक ताकदीचं कुत्रं असंच उलट्या करत गेलं. सीझनातच. आमी म्हणलो कुणीतरी घातलं.

कृष्णाकाठ
अरे देवा. गणपतीत खिरापत वाटतो आपण, खोबरं-खारीक-बेदाणे-खडीसाखर. पोरं सगळी कुत्र्याला चारतात.

मिरजमाऊ
शिऱ्यातले बेदाणे, पुलावातले मनुके, केकमधले. आमच्याकडं मुलांना सांगून ठेवलंय : प्रसाद माणसांचा, टॉमीला बिस्कीट. (आता बिस्कीटही नको म्हणतील डॉक्टर!)

खुरपका
साधं चालेल, रोज पुडा नको. 'शुगर फ्री' लिहिलेलं काही नको, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असेल तर कुत्र्याची साखर धाडकन उतरते, लिव्हर जातं. चॉकलेट नको. कांदा-लसूण नको, दोन्ही तांबड्या पेशी फोडतात, मांजराला तर अगदी थोडंही पुरतं. 'पिसवा जाव्यात म्हणून कुत्र्याला रोज लसणाची पाकळी' हे सारखं फिरत असतं, ते करू नका.

बेदाणे खाल्लेले दिसले तर उलटी व्हायची वाट बघू नका, लगेच निघा. पहिल्या दोन तासांत पोट रिकामं करता आलं तर मोठा फरक पडतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, रक्तात मीठ चढून मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात.

जतचा_कारवानी
आमच्याकडं तीन कारवानी (शिकारी जातीची कुत्री) आहेत, त्यांचं जरा वेगळं. डॉक्टरांना विचारायचं होतं की भुलीचं इंजेक्शन यांना जड जातं म्हणतात ते खरं का? नसबंदी करायची आहे मादीची.

खुरपका
खरं आहे. अंगात चरबी नसलेल्या शिकारी जातींना काही भुलीची औषधं लवकर उतरत नाहीत. जुनी थायोपेंटोन टाळतात. डॉक्टरला आधीच सांगा की कारवानी आहे, वजन अंदाजानं नको, काट्यावर करून घ्या. नसबंदी जरूर करा. मादीला वय झाल्यावर गर्भाशयात पू होतो तो त्रास वाचतो.

अवांतर : कारवानीला नुसती भाकरी-दूध घालून वाढवू नका. पिल्लाला मांस, अंडी, कॅल्शियम नीट नाही मिळालं तर पाय वाकतात, आणि पळणाऱ्या कुत्र्याचे पाय गेले तर राहिलं काय.

आजीचा_बटवा
आमच्याकडचं मांजर दूध-भातावर जगतं हो, अगदी शाकाहारी.

मिरजमाऊ
उंदीर खातं ते तुम्हाला दिसत नसेल.

खुरपका
:) खात असेल तर बरंच. मांजराला टॉरिन लागतं, ते मांस-मासळीतूनच मिळतं. नुसत्या दूध-भातावर ठेवलेलं मांजर हळूहळू आंधळं होतं, हृदयही कमजोर होतं. माणसांनी उपवास करावा, मांजराला करायला लावू नये.

नवीन_पिल्लू
मी नवीन आहे इथे. काल बोकीला ताप होता म्हणून अर्धी क्रोसिन द्यायची का असं विचारणार होते..

खुरपका
नको!!! दिलेली नाही ना? पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. अर्धी गोळीसुद्धा. तोंड सुजतं, पंजे सुजतात, हिरड्या तपकिरी होतात, रक्त ऑक्सिजन वाहायचं बंद करतं. दिली असेल तर हे वाचत बसू नका, निघा. कुत्र्यालाही डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नका, पोटात अल्सर होऊन काळी शी येते. माणसांच्या डब्यातली गोळी जनावराला नाही, एवढं भिंतीवर लिहून ठेवा.

नवीन_पिल्लू
नाही दिली. सकाळी नेते.

खुरपका
आज खात-पीत नसेल तर सकाळची वाट बघू नका. मांजर जास्त दिवस उपाशी राहिलं की त्याचं लिव्हर चरबीनं भरतं.

शिराळकर३२
आमच्या शिराळ्याकडं साप हा विषय. कुत्रं घोणशीवर जातं आणि तोंडावर डसून घेतं. गावात अजून दोरी करकचून बांधतात, चिरा मारतात, मंत्र टाकतात. नागपंचमीचं गाव म्हणून सगळेच स्वतःला तज्ज्ञ समजतात. कुत्र्याला तोच अँटिव्हेनम चालतो ना?

खुरपका
हो, माणसाला देतात तोच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचा. बांधू नका, चिरू नका, कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. साप मारून सोबत आणायची गरज नाही. लांबून फोटो निघाला तर ठीक, नाही तर सोडा. घोणस चावली असेल तर सूज वाढत जाते, रक्त गोठत नाही. अशा वेळी वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक टोचलं तर अजून रक्त जातं. निघण्याआधी फोन करून औषध शिल्लक आहे का विचारा, तेवढ्यानं एक खेप वाचते.

कृष्णाकाठ
पुराचंही सांगा. २०१९ ला आमच्या गावभागात पाणी शिरलं तेव्हा लोक कुत्री बांधलेली ठेवून निघून गेले. नंतर जी वाचली त्यांना कावीळ झाली.

खुरपका
कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी वाढायला लागली की पहिलं काम : पट्टा सोडायचा. सोबत नेता येत नसेल तर किमान मोकळं सोडायचं. बांधलेलं कुत्रं पोहू शकत नाही.

कावीळ बहुधा लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस). उंदराच्या मुतातून पुराच्या पाण्यात येतो. कुत्र्याच्या वर्षाच्या 'सेव्हन इन वन', 'नाईन इन वन' लसीत त्याचा भाग असतो, म्हणून पावसाच्या आधी ती घ्या. पूर ओसरल्यावर साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. कुत्र्यावरून तो माणसालाही होतो, तेव्हा आजारी कुत्र्याचं मूत धुताना हातात मोजे हवेत.

लिंबूटिंबू
चहा संपला, पण धागा कामाचा निघाला. एक माझाही प्रश्न. मित्राला गल्लीतल्या कुत्र्यानं पोटरीला ओरखडा काढला, त्याच्या आजीनं मिरची पूड आणि तेल भरलं. तो म्हणतो दातच लागला नाही.

खुरपका
ओरखडा म्हणजेही चावाच धरायचा. आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, नुसतं विसळणं नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं) लागतं. मिरची, चुना, हळद, तेल यांनी विषाणू मरत नाही, उलट जखम चिडते. रेबीज एकदा दिसू लागला की त्यावर उपाय नाही. कुत्रा तसाच हिंडतोय का यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण लस त्यासाठी थांबवू नका.

आणि आपल्या घरचं कुत्रं-मांजर, कितीही घरकोंबडं असलं तरी तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी पुढं.

जतचा_कारवानी
गच्चीवर सेंद्रिय बाग केलेल्यांसाठी एक. एरंडीची पेंड कुंडीत घालतात, कुत्र्यांना तो वास फार आवडतो, उकरून खातात. माझ्या मेव्हण्याचं कुत्रं असंच गेलं. पिशवीवर 'सेंद्रिय' लिहिलेलं होतं.

खुरपका
+१. त्यात रायसिन हे विष असतं, आणि ते शंभर टक्के नैसर्गिकच. शेतातल्यांसाठी : उसात अजून जुनं थिमेट (कीटकनाशक) पडून असेल तर (२०२० च्या अखेरीपासून विक्री बंद आहे) ते कुत्र्याच्या तोंडापर्यंत येऊ देऊ नका. लाळ गळते, बाहुली टाचणीएवढी होते, अंग थरथरतं. अॅट्रोपीन लवकर मिळालं तर वाचतं.

शेडवाला_तासगाव
डॉक्टर, आज लई शिकवलंत. पर मग शेडवरच्या कुत्र्याला घालायचं काय वो? बेदाणं न्हाई, आमटी न्हाई, कांदा न्हाई..

खुरपका
भाकरी, उकडलेलं अंडं, आणि मटण शिजवताना कांदा-लसूण-मीठ घालायच्या आधी वरचं पाणी बाजूला काढून ठेवा, ते. शिजलेली हाडं देऊ नका, त्यांच्या काचा होतात.

शेडवाला_तासगाव
वरचं पाणी कुत्र्याला? मग आमचा तांबडा रस्सा कशाचा करायचा, बेदाण्याचा?